चेहरे न उजळवणारी लॅब : नौपाड्यातील एका फोटो प्रिंटिंग सेवेविषयी

ठाणे पश्चिमेला नौपाड्यात, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, फोटोंचे प्रिंट काढून देणारी आणि फिल्मचे रोल धुऊन देणारी एक लहान लॅब आहे. गेल्या सव्वा वर्षात मी तिच्याकडून 26 व्यक्तिचित्रांचे मोठे प्रिंट, त्याआधीचे 100 हून अधिक नमुना प्रिंट आणि कृष्णधवल फिल्मचे 6 रोल एवढे काम करून घेतले. ही सगळी व्यक्तिचित्रे कचरा आणि प्रदूषण यांच्या अगदी जवळ राहून काम करणाऱ्या माणसांची आहेत. तुर्भ्याच्या भंगार गोदामात प्लास्टिक निवडणाऱ्या बायका, कळव्यातील घंटागाडीवरचे कामगार, चेंदणी कोळीवाड्यातील मासेमार, तळोज्याच्या कारखान्यांशेजारी राहणारी कुटुंबे, आणि घोडबंदर रोडवरच्या एका उंच इमारतीतले दोन रहिवासी त्यात आहेत. ज्यांच्या घरातून कचरा निघतो त्यांनाही तो उचलणाऱ्यांच्या रांगेत बसवायचे मी आधीच ठरवले होते, म्हणून या दोघांचा समावेश. लॅबचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण मालकांनी तशी विनंती केली आहे. ते आणि त्यांचा एक मदतनीस एवढ्याच मनुष्यबळावर हे काम चालते आणि एकदम वाढलेली गर्दी त्यांना पेलणार नाही. तरीही हे परीक्षण लिहावेसे वाटले, कारण अशा विषयावर काम करू पाहणाऱ्याने कोणत्याही लॅबकडे काय मागावे, हे मला तेथे कळले.

सुरुवात दुसरीकडे झाली होती. पहिले व्यक्तिचित्र मी तुर्भे स्टोअरजवळच्या एका गोदामात काढले. तेथे काम करणाऱ्या मावशी पन्नाशीच्या आसपासच्या, मूळच्या जालन्याकडच्या. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा त्या ढिगाजवळ बसून पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, कडक प्लास्टिक आणि पन्नी वेगवेगळी करतात. त्यांचा फोटो मी एका मोठ्या, गर्दीच्या लॅबमध्ये 8 बाय 12 इंचांत प्रिंट करून घेतला आणि पाकीट न उघडताच तो त्यांना नेऊन दिला, ही माझी चूक. त्यांनी प्रिंट बाहेर काढला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, "बाई, ही कोन हाय?" ऑपरेटरने त्यांचा चेहरा दोन-तीन छटांनी उजळला होता, हनुवटीवरचा भाजल्याचा जुना डाग पुसला होता आणि कपाळावरच्या रेषा गुळगुळीत केल्या होत्या. मी तसे काही सांगितले नव्हते. विचारायला गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने अगदी सद्भावनेने उत्तर दिले की हे आम्ही सगळ्यांनाच करून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

मावशींच्या पिशवीत एका संस्थेने दिलेले ओळखपत्र होते. त्यावरचा पासपोर्ट आकाराचा फोटोही कुठल्यातरी स्टुडिओने असाच उजळलेला होता. कचरावेचक आणि भंगार व्यापारी यांच्या नोंदणीची योजना सुरू करण्याची जबाबदारी 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी राज्यांवर टाकली होती, आणि या कामाला कागदोपत्री मान्यता मिळणे ही साधी गोष्ट नाही. पण ज्या कागदाने हे काम करणारी बाई हीच असे सांगायचे, त्यावरचा चेहरा तिचा नसावा, हे मला फार लागले. त्या दिवशी मी ठरवले की या प्रकल्पात सर्वांत आधी प्रिंटचा प्रश्न सोडवायचा, आणि तो सुटेपर्यंत कॅमेरा बाहेर काढायचा नाही.

त्वचेच्या रंगाचा हा घोटाळा एकट्या ऑपरेटरचा नसतो. तो फार जुना आहे. 1950 च्या दशकापासून कोडॅक कंपनी प्रिंटिंग लॅबना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या स्त्रीचा नमुना फोटो पाठवत असे. तिच्या नावावरून त्या फोटोला शर्ली कार्ड म्हणू लागले, आणि तिचा चेहरा नीट दिसला की मशीन नीट लागले असे मानले जाई. गडद त्वचेचे तपशील फिल्मवर बुजतात ही तक्रार अनेक वर्षे कोणी फारशी मनावर घेतली नाही. लाकडी फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या मालातील तपकिरी छटा वेगळ्या दिसत नाहीत असे सांगितल्यावर मात्र फिल्ममध्ये सुधारणा झाली. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली नमुना कार्डे बरीच पुढे आली. आज मशीन डिजिटल आहेत, तरी चेहरा सापडला की तो आपोआप उजळणारी सेटिंग्ज तशीच चालू ठेवलेली असतात, आणि आपल्याकडे लग्नाच्या अल्बमची सवय त्याला येऊन मिळते.

नौपाड्यातील लॅबचा पत्ता मला एका जुन्या छायाचित्रकाराने दिला. जिना अरुंद आणि उभा आहे, वर गेल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत एक मॉनिटर, मोठा इंकजेट प्रिंटर आणि खिडकीपाशी प्रिंट पाहण्यासाठी एक टेबल. मागच्या खोलीत फिल्म धुण्याची जागा. काकांनी, म्हणजे मालकांनी, मावशींची फाइल उघडली आणि पहिला प्रश्न विचारला, "यांना तुम्ही कोणत्या उजेडात बघितलंत?" सकाळी साडेनऊच्या सुमारास, गोदामाच्या दारातून येणाऱ्या उजेडात, असे मी सांगितले. मग त्यांनी चेहरा सोडून मावशींचे हात मोठे करून पाहिले. त्यांचे म्हणणे असे की उन्हातान्हात काम करणाऱ्या माणसाचा चेहरा आणि हात यांच्या छटांत जे नाते असते, ते प्रिंटमध्ये टिकले पाहिजे. चेहरा उजळला की हात परक्याचे दिसू लागतात. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटे आहे हे जाणवते. ही गोष्ट त्यांनी मला फार साध्या शब्दांत सांगितली आणि त्यानंतरच्या प्रत्येक व्यक्तिचित्रात हात दिसतील अशीच चौकट मी धरू लागले.

काम करण्याची त्यांची पद्धत संथ आहे. फाइल आल्यावर ते आपोआप होणाऱ्या सगळ्या सुधारणा बंद करतात, मॉनिटरवर त्या विशिष्ट कागदाचे प्रोफाइल (तो कागद रंग कसे दाखवतो याची नोंद) लावून प्रिंट कसा दिसेल ते पाहतात, आणि मग चेहरा, हात आणि मागचा सर्वांत गडद भाग एकत्र येईल अशी 4 इंच रुंदीची पट्टी छापतात. ती पट्टी ते लगेच दाखवत नाहीत. शाई स्थिर होऊ देतात आणि नंतर खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात आणि मग ट्यूबलाइटखाली, अशी दोनदा पाहायला लावतात. मावशींच्या प्रिंटसाठी अशा पाच पट्ट्या लागल्या. पहिल्या दोनांत साडीचा जांभळा रंग बरोबर होता पण गालावर लालसर झाक होती. तिसरीत झाक गेली, तेव्हा डोळ्यांखालची सावली बुजली. पाचव्या पट्टीवर हनुवटीचा डाग, कपाळावर चिकटलेला धुळीचा थर आणि त्याखालची गडद, तुकतुकीत त्वचा अशा तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसल्या. धूळ आणि त्वचा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कचऱ्याजवळ काम करणाऱ्या माणसाच्या फोटोत हा फरक दिसला नाही, तर त्या माणसाचा रंग म्हणजेच मळ असे पाहणारा नकळत मानून बसतो.

कागदाच्या निवडीबद्दल विस्ताराने लिहिते, कारण येथेच माझे सर्वांत जास्त पैसे वाचले आणि सर्वांत जास्त शिकणे झाले. मी 308 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 308 ग्रॅम वजनाचा), पूर्ण सुती, मॅट पृष्ठभागाचा कागद डोक्यात धरून गेले होते. प्रदर्शनांत तो पुष्कळ वापरला जातो आणि हाताला सुरेख लागतो. काकांनी एकच फाइल तीन कागदांवर छापून पुढे ठेवली. मॅट कागदावर काळा रंग चकचकीत कागदाइतका खोल उतरत नाही, त्यामुळे गडद चेहऱ्याच्या सावलीकडील बाजूला जे पाच-सहा टप्पे असतात ते दबून दोन-तीन होतात. मोकळ्या उजेडात काढलेल्या चेहऱ्याला हा कागद शोभतो, पण गोदामाच्या किंवा घराच्या आतल्या अंधारात बसलेल्या माणसाला तो गिळून टाकतो. बॅरायटा, म्हणजे बेरियम सल्फेटचा थर, असलेल्या कागदावर मात्र तीच सावली उघडली. कानामागची केसांची बट आणि मागच्या गोण्यांची कड सुटी दिसू लागली. साधा लस्टर, म्हणजे किंचित चमक असलेला, कागद या दोहोंच्या मधला, आणि किमतीने कितीतरी कमी. शेवटी 26 पैकी 15 प्रिंट बॅरायटावर आणि 11 सुती मॅटवर केले, नमुना प्रिंट सगळे लस्टरवर. जास्त पांढरे दिसणारे कागद त्यांनी बाजूलाच ठेवले, कारण त्यांतील उजळपणा आणणारी रसायने काळानुसार निष्प्रभ होतात आणि कागद पिवळा पडतो. दुकानदाराने महागाचा माल विकण्याऐवजी आधी तुलना करून दाखवावी, असे मी ठाण्यात दुसरीकडे अनुभवलेले नाही.

आकाराबाबतही त्यांनी मला थांबवले. मला 20 बाय 30 इंच हवे होते. माझा कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा, म्हणजे 6000 बाय 4000 बिंदूंचा. 300 बिंदू प्रति इंच या हिशेबाने 12 बाय 18 इंचांच्या प्रिंटला 3600 बाय 5400 बिंदू लागतात आणि ते या फाइलमध्ये आरामात बसतात. मोठा प्रिंट दुरून पाहायला निघालाही असता, पण ज्यांचे फोटो आहेत त्यांच्या घरात 20 बाय 30 ला भिंत कुठे आहे, हा काकांचा प्रश्न निर्णायक ठरला. प्रत्येकाला स्वतःचा प्रिंट द्यायचा हे मी ठरवले होते. तो ठेवणार कुठे याचा विचार केला नव्हता.

प्रकल्पाची घडण बदलली ती मात्र कॉन्टॅक्ट शीटमुळे. पहिल्या चार महिन्यांतील फोटो मी त्यांच्याकडून एका कागदावर लहान लहान चौकटींत छापून घेतले. पडद्यावर एकेक फोटो पाहताना जे लक्षात आले नव्हते ते 36 फोटो एकत्र पाहताना दिसले: जवळजवळ प्रत्येक माणसामागे ढीग होता. प्लास्टिकचा ढीग, गोण्यांचा ढीग, नाल्यातला गाळ. मला वाटत होते की विषय कचरा असल्याने तो मागे दिसायलाच हवा. शीटवर दुरून नजर टाकली तर ढीगच एकसंध दिसत होता आणि माणसे त्याच्यावरचे ठिपके. काकांनी टीका केली नाही. त्यांनी फक्त आगपेटीच्या दोन काड्यांनी एका फोटोतील ढिगाचा भाग झाकला आणि शीट माझ्याकडे सरकवली. त्यानंतर मी घरची जुनी राखाडी चादर सोबत नेऊ लागले, ती मागे लावू लागले आणि प्रत्येकाला त्याच्या कामातली एकच वस्तू हातात घ्यायला सांगू लागले. कोणी आकडी घेतली, कोणी ग्लोव्ह्जची विजोड जोडी, तळोज्याच्या एका आजींनी विहिरीचा पोहरा, तर घोडबंदर रोडच्या बाईंनी घरातली ओल्या कचऱ्याची बादली. पहिल्या 36 पैकी 31 फोटो मी बाद केले. ते पुन्हा काढायला पाच महिने गेले आणि त्या पाच महिन्यांचे मला अजिबात वाईट वाटत नाही.

या सेवेचा दुसरा मोठा उपयोग मला संमतीच्या बाबतीत झाला. लस्टर कागदावरचा 5 बाय 7 इंचांचा नमुना प्रिंट ही लॅब अवघ्या 25 रुपयांत देते आणि तोही तितक्याच काळजीने काढते. मी संमतिपत्र मराठीत लिहून घेतले होते आणि ते वाचून दाखवत असे, पण कागदावरची संमती आणि स्वतःचा चेहरा पाहून दिलेली संमती यांत अंतर आहे. 1971 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी छायाचित्रकार यूजीन स्मिथ यांनी जपानमधील मिनामाता येथे काढलेले एक छायाचित्र जगभर पोहोचले. कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्यामुळे जन्मतःच अपंग झालेल्या मुलीला तिची आई अंघोळ घालते आहे. कुटुंबाने त्या वेळी परवानगी दिली होती. मुलगी 1977 मध्ये वारली, आणि पुढे तो फोटो सतत छापला जाणे कुटुंबाला सोसवेना. 1998 मध्ये, मिनामाताच्या कामात यूजीन यांच्या सहकारी आणि तेव्हाच्या पत्नी असलेल्या आयलीन स्मिथ यांनी तो कुठे वापरायचा याचा निर्णय आईवडिलांच्या हाती सोपवला. प्रदूषणाचे बळी दाखवणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण समोर ठेवायला हवे असे मला मनापासून वाटते. म्हणून मी नमुना प्रिंट माणसाच्या हाती देऊन आठवडाभर त्याच्याकडेच ठेवायची पद्धत पाडली. तीन जणांनी नकार कळवला. त्यांतला एक रासायनिक टँकर आतून धुणारा तरुण होता. त्याचा फोटो माझ्या दृष्टीने सगळ्यांत चांगला होता, पण गावाकडच्या लोकांना हे काम माहीत नाही, असे तो म्हणाला. लॅबने त्याची फाइल आणि नमुना प्रिंट माझ्यासमोर नष्ट केले.

खाडीच्या फोटोंनी या लॅबची वेगळी परीक्षा घेतली. ठाणे खाडीचा काही भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हिवाळ्यात तेथे गुलाबी थवे पाहायला लोक बोटीतून जातात. चेंदणी कोळीवाड्यातील ज्या दादांचा फोटो मी काढला ते त्याच पाण्यात जाळे टाकतात. "आता खारीन मावरा कमी नी पिशव्याच जास्ती," असे म्हणत त्यांनी त्या दिवशीचे जाळे उलगडले, तेव्हा थोडी बोय, दोन चिंबोऱ्या आणि गाळाने काळ्या झालेल्या पिशव्यांचा मोठा गुंता निघाला. त्यांनी हातात घ्यायला मासा निवडला नाही; तो गुंता निवडला. हा फोटो छापणे कठीण होते, कारण गाळ, ओले जाळे, पिशव्या आणि दादांचे हात हे सगळे जवळपास एकाच काळपट तपकिरी रंगाचे होते. बॅरायटा कागदावर सात पट्ट्या झाल्या. सातव्या पट्टीत हाताच्या नसा जाळ्याच्या दोऱ्यांपासून सुट्या झाल्या, आणि जिथे प्लास्टिक ओले आहे तिथे बारीक निळसर चमक राहिली.

तळोज्याच्या बाबतीत मात्र काकांनी मला स्पष्टपणे नाही म्हटले, आणि ते योग्य होते. कासाडी नदीच्या परिसरात 2017 च्या ऑगस्टमध्ये रंगद्रव्याच्या सांडपाण्यामुळे भटके कुत्रे निळे झाल्याची छायाचित्रे देशभर गाजली होती. तो निळा रंग माझ्या मनात इतका ठसला होता की आजींच्या फोटोत मागे दिसणारे ओढ्याचे हिरवट पाणी अधिक गडद करावे असे मी सुचवले. त्या दिवशी पाणी तसे होते का, असे त्यांनी विचारले. नव्हते. मग ते म्हणाले की चेहरा उजळणे आणि पाणी रंगवणे हे एकाच जातीचे काम आहे. पाणी जसे होते तसेच राहिले.

आता कृष्णधवल रोलविषयी थोडेसे. इलफर्ड एचपी5 प्लस या फिल्मचे रोल ते डी-76 या डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, हाताने धुतात. या जोडीला पूर्ण ताकदीच्या द्रावणात 20 अंश सेल्सियसला साडेसात मिनिटे लागतात; मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी त्यापेक्षा कितीतरी गरम असल्याने ते बर्फाच्या परातीत बाटल्या ठेवून तापमान खाली आणतात. सहाही रोल एकसारखे निघाले, ओरखडा कुठे नाही. पण कचऱ्यावर प्रकल्प करताना माझ्याच रोलच्या सांडपाण्याचे काय होते, हे विचारल्यावाचून मला राहवले नाही. वापरलेल्या हायपोत, म्हणजे फिल्मवरचे चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात, फिल्मवरून सुटलेली चांदी असते आणि ती पाण्यातील जीवांना अपायकारक असते. हायपो ते कॅनमध्ये साठवतात आणि चांदी काढून घेणारा एक व्यापारी ते नेतो, हे समाधानकारक आहे. वापरलेला डेव्हलपर मात्र पाणी घालून मोरीत ओततात. प्रमाण थोडे आहे हे खरे, पण शहराच्या सांडपाण्याची वाट शेवटी खाडीकडेच जाते आणि त्या खाडीतल्या माणसाचा प्रिंट पुढच्या खोलीत वाळत असतो. मी हे बोलून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले, व्यवस्था मात्र अद्याप बदललेली नाही. या एका गोष्टीवर माझी नाराजी कायम आहे, आणि पुढचे रोल डिजिटलवर न्यावेत का, असा विचार मी करते आहे.

इतर उणिवाही सांगायला हव्यात. प्रत्येक प्रिंट वेगळ्या प्लास्टिक पिशवीत घालून देण्याची त्यांची पद्धत होती. आग्रह केल्यावर त्यांनी बटर पेपर आणि पुठ्ठ्याची पेटी वापरायला सुरुवात केली, आणि तीच पेटी मी दर वेळी परत नेते. कडेपर्यंत छापायला सांगितले तर प्रिंटर चित्र किंचित फुगवतो आणि चारही बाजूंनी बारीक पट्टी कापली जाते. पहिल्याच खेपेला एका बाईंच्या बोटांची टोके त्यात गेली आणि तो प्रिंट त्यांनी विनामूल्य पुन्हा करून दिला. तेव्हापासून मी अर्ध्या इंचाची पांढरी कड ठेवायला सांगते. तारीख लेखी देत नाहीत, आणि तोंडी दिलेली पाळली जातेच असे नाही. जुलैमध्ये हवेतील दमटपणामुळे त्यांनी सुती कागदाचे काम 12 दिवस थांबवले. कारण पटले, पण ते मला चौथ्या फेरीनंतर सांगितले गेले. जिना हीदेखील खरी अडचण आहे: तळोज्याच्या आजींना आपला प्रिंट निघताना पाहायचा होता, पण त्या दुसऱ्या पायरीवरूनच मागे फिरल्या. मदतनीस पट्ट्या घेऊन खाली आला आणि इमारतीच्या दारात, उजेडात उभे राहून त्यांनी आपली पट्टी निवडली.

दर असे: 5 बाय 7 चा नमुना 25 रुपये, 12 बाय 18 लस्टर 140 रुपये, त्याच आकाराचा सुती मॅट किंवा बॅरायटा 850 रुपये, कॉन्टॅक्ट शीट 120 रुपये आणि एक रोल धुण्याचे 250 रुपये. पट्ट्यांचे वेगळे पैसे घेत नाहीत, आणि सात-सात पट्ट्या लागू शकतात हे पाहता हे दर मला वाजवी वाटतात. मोठ्या लॅबमध्ये 12 बाय 18 चा साधा प्रिंट याहून स्वस्त आणि तासाभरात मिळतो. लग्नाचे, वाढदिवसाचे काम असेल तर तिकडेच जावे. ज्याला फाइल देऊन लगेच निघायचे आहे त्याला नौपाड्याची ही लॅब त्रासदायक वाटेल, कारण काका माणसाला बसवून ठेवतात आणि प्रत्येक फोटोबद्दल प्रश्न विचारतात. जाताना फाइल टीआयएफएफ (TIFF), म्हणजे चित्राचे तपशील न गमावणाऱ्या, स्वरूपात न्यावी, फोनवरून पाठवलेली चालत नाही. ज्याचा फोटो आहे त्याच्या हाताचा एक वेगळा, साध्या उजेडातला फोटो सोबत असेल तर पट्ट्या निम्म्यावर येतात, हा माझा अनुभव.

अंतिम प्रिंट हाती आल्यावर मी सर्वांत आधी तुर्भ्याला गेले. मावशींनी हात पदराला पुसले, बटर पेपर बाजूला केला आणि प्रिंट दारापाशी उजेडात नेला. शेजारी बसलेल्या बायकांनी माना वाकवून पाहिले. मावशींनी आपला उजवा हात प्रिंटमधल्या हाताशेजारी धरला, बराच वेळ तसाच धरून ठेवला आणि म्हणाल्या, "ह्यो हात माझाच हाय की." मग त्यांनी ओळखपत्रासाठी असाच लहान फोटो मिळेल का, असे विचारले. काकांना फोन केला तेव्हा त्यांनी त्याच फाइलमधून पासपोर्ट आकाराच्या आठ प्रती काढून ठेवल्या, आणि गोदामातील आणखी पाच जणींचे तसेच फोटो मी येत्या रविवारी काढणार आहे.